हे पैसे कुठल्या खात्याला जमा करशील?

पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेव. अजून उघडू नकोस. हजार सभासद झाले म्हणून घोडबंदर रोडवरून डोंबिवलीपर्यंत बाईंना पेढे द्यायला आलास, ते चांगलं केलंस. पण आधी हा कागद वाच. मोठ्याने वाच.

शेजारच्या विंगमधल्या वहिनींच्या बँकेचं हे स्टेटमेंट. त्या रोज सकाळच्या गर्दीत लोकलला लोंबकळत ठाण्याला जातात, वागळे इस्टेटमध्ये नोकरी करतात. मुलगा पाचवीत होता, स्कॉलरशिपला बसायचं होतं. नोव्हेंबरात त्यांनी तुझ्या ऑनलाइन सराव परीक्षा लावल्या. महिना २९९ रुपये. 'माझा विद्यार्थी आहे, डोळे झाकून लावा,' असं मीच त्यांना सांगितलं होतं. परीक्षा फेब्रुवारीत झाली. मार्चमध्ये मुलाने तुझं अॅप फोनवरून काढून टाकलं. आता खाली वाच. मार्च २९९, एप्रिल २९९, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. सात महिने. सात गुणिले २९९ किती? फोन काढू नकोस, तोंडी सांग. २,०९३.

'बाई, त्यांनी कॅन्सल केलं नाही.' हेच म्हणणार होतास ना? अकरावीत वही घरी विसरलास की 'बाई, तुम्ही आठवण केली नाहीत' म्हणायचास. बारा वर्षं झाली, सबब बदललेली नाही.

हा घे खडू. गच्चीत मुलांसाठी लावलेला फळा अजून तसाच आहे. या २,०९३ रुपयांची रोजकीर्द लिही. बँक खाते नावे, २,०९३. बरोबर. आता जमेच्या बाजूला काय लिहिशील? 'फी खाते'? फी कशाची? सात महिन्यांत त्या मुलाने एक पेपर सोडवला नाही, एक प्रश्न उघडला नाही. तो आलेला नाही हे तुझ्या संगणकाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कोण किती मिनिटं बसतो याचे आलेख तू मला मागच्या दिवाळीत फडके रोडवर उभ्या उभ्या फोनवर दाखवले होतेस. म्हणजे ते पोर येत नाही हे तुला दिसत होतं, आणि पैसे येतायत हेही दिसत होतं. दोन्ही दिसत असताना तू गप्प राहिलास. मग जमेला कुठलं खातं? 'विसराळूपणा खाते'? असलं खातं मी तुला शिकवलेलं नाही.

उभा का राहिलास? बस. अजून बरंच बोलायचंय.

सभासदांना तू 'सब्सक्रायबर' म्हणतोस. म्हण. पण या धंद्याला मराठीत फार जुना शब्द आहे: वर्गणीदार. हा धंदा तुझ्या लॅपटॉपातून जन्मलेला नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे वर्गणी भरत आली. आपल्याच डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी १९८६ साली फ्रेंड्स लायब्ररी सुरू केली आणि पुढे पुस्तकं लोकांच्या घरापर्यंत पोचवली. नेमाने घ्यायच्या पैशाची रीत या गावांना तू शिकवायला नको.

त्या रीतीतलं मुख्य कलम ऐक. लहानपणी आमच्याकडे मासिकं टपालाने यायची. वर्ष संपत आलं की अंकात एक चिठ्ठी असायची, आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे. मग मनीऑर्डर करायची. नाही केली तर पुढचा अंक व्ही.पी.ने यायचा. पोस्टमन दारात उभा. पैसे देऊन अंक सोडवून घ्या, नाहीतर परत पाठवा. हो की नाही, ते घरातलं माणूस ठरवायचं आणि पोस्टमन दारात असतानाच ठरवायचं. तुझ्या व्यवस्थेत पोस्टमन दार वाजवत नाही. खिडकीतून हात घालून डब्यातले पैसे घेतो आणि जाताना म्हणतो, 'नको होतं तर दार लावून घ्यायचंत.'

दुसरं कलम खाड्याचं. तुझ्या आईने दुधाच्या हिशेबासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारलेल्या तू पाहिल्या आहेस. दूध आलं नाही तो खाडा. गावाला गेलो तो खाडा. महिनाअखेर खाडे वजा करून पैसे. पोळी-भाजी केंद्राच्या डब्याचंही तेच. आदल्या दिवशी सांगा, उद्याचा डबा नको, उद्याचे पैसे नकोत. पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईकडे सर्व्हर नाही, इंजिनिअर नाही, तरी तिला खाडा वजा करता येतो. तुझ्याकडे सगळं असून 'थांबवा' असं एक बटण नाही. मे महिन्यात अर्धी डोंबिवली गावी जाते, हे तुला ठाऊक नाही का?

आता म्हणशील, बाई जुन्या जमान्यातल्या, हल्लीचे नियम वेगळे असतात. बरं, हल्लीचे नियम तुला येतात का ते बघू.

रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या आवर्ती व्यवहारांसाठी ई-मँडेटची चौकट काढली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. यूपीआय ऑटोपे आलं जुलै २०२० मध्ये. कार्डांचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून खऱ्या अर्थाने लागू झाला आणि त्या दिवशी देशभरातल्या कितीतरी लोकांच्या वर्गण्या अडकल्या, कारण कंपन्यांनी तयारीच केली नव्हती. नियम साधा आहे. सुरुवातीला ग्राहकाने ओटीपी किंवा पिन देऊन परवानगी द्यायची. पैसे कापण्याआधी निदान २४ तास त्याला कळवायचं: कोण, किती, कधी. कापल्यावर पुन्हा कळवायचं. आणि ही परवानगी त्याला कधीही मागे घेता आली पाहिजे. ओटीपीशिवाय कापता येणारी रक्कम आधी २,००० होती, मग ५,००० झाली, जून २०२२ मध्ये १५,०००. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलापुरती ती डिसेंबर २०२३ मध्ये एक लाखावर नेली.

हे आकडे पाठ करायला सांगत नाही. त्यामागचा शब्द लक्षात ठेव: परवानगी. वहिनींनी तुला पैसे घ्यायची परवानगी दिली होती, पैसे आधीच देऊन टाकले नव्हते. शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवतो ती झाडांना पाणी घालायला. रोज येऊन आपला फ्रिज उघडायला नाही.

आणि ती परवानगी तू कशी घेतलीस? मी वहिनींच्या फोनवर बघितली. वस्तू २९९ ची आणि कमाल रक्कम लिहून घेतलीस ५,०००. का? 'पुढे भाव वाढवायचा झाला तर पुन्हा विचारायला नको म्हणून.' म्हणजे पुढच्या भाववाढीलाही आजच सही घेऊन ठेवलीस. विजेचं बिल महिन्याला कमीजास्त होतं, तिथे कमाल रकमेला अर्थ आहे. तुझा भाव ठरलेला आहे. मग मँडेट २९९ चाच कर. आणि मुदत? २०५५ पर्यंत! तेव्हा ते पोर चाळिशी ओलांडून बसलेलं असेल, आणि तू त्याला पाचवीचा स्कॉलरशिपचा सराव विकत असशील. परीक्षा फेब्रुवारीत आहे तर मुदत फेब्रुवारीपर्यंत ठेव. इतकं सोपं आहे ते.

'बाई, पैसे कापायच्या आधी बँक मेसेज पाठवते की!' पाठवते. इंग्रजीत पाठवते, लोनच्या ऑफरी, ओटीपी आणि साड्यांच्या सेलच्या मेसेजांच्या गर्दीत. ठाण्याला गाडीतून उतरताना एका हाताने बॅग सांभाळणाऱ्या बाईने तो वाचावा अशी तुझी खरंच अपेक्षा आहे? बँकेने कळवलं म्हणून तुझं कर्तव्य संपत नाही. वर्गात हजेरीला घंटा होते ती शिपायाने वाजवलेली असते, तरी मुलगा चार दिवस आला नाही तर घरी चौकशी करायचं काम वर्गशिक्षकाचंच असतं.

आता सर्वात वाईट गोष्ट. मान वर कर.

वहिनींच्या फोनवरून तुझी वर्गणी बंद करायला मी स्वतः बसले होते. चष्मा लावून, वहीत नोंद करत. आत येताना दोन टिचक्या. दोनच. बाहेर पडायला? सेटिंग, मग अकाउंट, मग मदत, मग 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न'. तिथे शेवटी बारीक अक्षरांत 'ईमेल करा'. ईमेल केला. उत्तर आलं, कार्यालयीन वेळेत फोन करा. फोन केला तर एक गोड आवाजाची मुलगी 'का सोडताय?' म्हणून वीस मिनिटं बोलत राहिली. मग तिने एक लिंक पाठवली. ती उघडल्यावर दोन बटणं. एक मोठं, हिरवं: 'मला माझ्या मुलाला पुढे न्यायचं आहे.' दुसरं फिकट, राखाडी: 'नाही, मला माझ्या मुलाच्या भविष्याची पर्वा नाही.'

हे वाक्य तू लिहिलंस? की कुणाकडून लिहून घेतलंस? लिहून घेतलं असशील तर पैसे देऊन घेतलंस, म्हणजे दुप्पट लाज. पहाटे साडेचारला उठून मुलाचा डबा करणाऱ्या बाईने, स्वतःचे २९९ वाचवण्यासाठी, 'मला पर्वा नाही' या बटणावर बोट ठेवायचं? वर्गात असं वाक्य कुणी कुणाच्या आईबद्दल बोललं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं असतं.

हा नुसता असभ्यपणा नाही, नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नवरची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार त्यात नावानिशी दिले आहेत. ग्राहकाला शरमिंदा करून निर्णय फिरवणं हा एक. वर्गणी रद्द करण्याची वाट लपवणं किंवा लांब आणि किचकट करणं हा दुसरा, त्याचं नावच सब्सक्रिप्शन ट्रॅप. फुकट सेवेसाठी पैसे कापायची परवानगी आधीच मागणं हेही त्यातच बसतं. तुझे ते 'सात दिवस मोफत' आठव. आणि मोफत मुदत संपून पैसे सुरू झाल्याचं न कळवणं, गुपचूप नूतनीकरण करणं हा तिसरा. तेरापैकी तीन तुझ्या एका अॅपात. बुककीपिंगमध्ये एवढे मार्क तुला कधी मिळाले नव्हते.

'बाई, मोठमोठ्या कंपन्या करतात.' करतात ना. अॅमेझॉनच्या प्राइम सदस्यत्वाबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये खटला भरला. सदस्यत्व रद्द करायच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत 'इलियड' म्हणत, असं त्या तक्रारीत लिहिलं होतं. इलियड म्हणजे होमरचं युद्धकाव्य, दहा वर्षांच्या वेढ्याचं. इथे असते तर महाभारत म्हणाले असते. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली, अडीच अब्ज डॉलरची. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत करायचे. जर्मनीने तर जुलै २०२२ पासून कायदाच केला की ऑनलाइन करार होत असेल तिथे तो रद्द करायचं बटणही समोर दिसलं पाहिजे. मोठ्यांचं अनुकरण करायचं तर त्यांनी नंतर काय भरलं तेही बघावं. अॅमेझॉनला अडीच अब्ज परवडले. तुझं काय आहे? भाड्याचं ऑफिस आणि बाबांनी पीएफमधून दिलेले पैसे.

भावाचंही बोलूया, कारण तिथेही तू हुशारी केली आहेस. महिन्याला २९९ आणि वर्षाला १,४९९, वर लाल पट्टी: '५८ टक्के सूट! फक्त आज!' ती पट्टी मी गणपतीच्या आधी पाहिली, नवरात्रात पाहिली, कालही पाहिली. तुझ्याकडे रोजच 'फक्त आज' असतं. हा खोट्या घाईचा प्रकार, त्या तेरांतला आणखी एक. म्हणजे चार झाले.

रोज ज्या पासावर प्रवास करत होतास तो आठव. मुंबई लोकलचा तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. भागाकार कर. तिन्हींत सूट दहा टक्केच. रेल्वे घाबरवत नाही, खिडकीवर उलटं चालणारं घड्याळ लावत नाही. सांगते एवढंच: आगाऊ भरलेस, रांगेत उभं राहायचं वाचवलंस, आमचंही काम वाचलं, त्याची ही दहा टक्के पावती. आणि मुदत संपली की पास संपतो. तो तुझ्या खिशातून आपणहून पैसे काढून स्वतःला वाढवून घेत नाही. ५८ टक्के सूट देऊनही तुला परवडत असेल, तर महिन्याचा भाव आधीच फुगवलेला आहे. आणि परवडत नसेल, तर तू आजच्या पैशांवर उद्याचं कर्ज काढतोयस.

कर्ज म्हटलं की दचकलास. दचकायलाच हवं. फळ्यावर दुसरं उदाहरण लिही. १ डिसेंबरला एका पालकाने वर्षाचे १,४९९ भरले. कर सध्या बाजूला ठेव. ३१ मार्चला वर्ष बंद करायचं आहे. चार महिने झाले, तेवढं उत्पन्न तुझं: ४९९ रुपये ६७ पैसे. उरलेले ९९९ रुपये ३३ पैसे कुठे दाखवशील? नफा-तोट्यात? नाही. ताळेबंदात, देण्याच्या बाजूला, आगाऊ मिळालेले उत्पन्न. बारावीच्या परीक्षेत ही समायोजना आली होती आणि तू ती सोडून दिली होतीस. आता धंद्यातही सोडून दिली आहेस. तू ते सगळे पैसे कमाई समजलास, त्यातून जाहिरात केलीस, नवी खुर्ची घेतलीस, हे पेढे आणलेस. उद्या पन्नास पालकांनी 'आमचे आठ महिन्यांचे परत द्या' म्हटलं तर कुठून देणार? ज्याच्याकडून आगाऊ घेतलंस त्याचा तू देणेकरी आहेस. वर्ष पूर्ण होईपर्यंत.

करही बाजूला ठेवून चालत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी, आणि तुझ्या सेवेवर १८ टक्के. २९९ मध्ये कर धरला असेल तर तुझ्या हातात २५३ रुपये ३९ पैसे, सरकारचे ४५ रुपये ६१ पैसे. आणि सेवेचे पैसे आगाऊ घेतलेस की पुऱ्या रकमेवरचा कर आत्ताच देय होतो, वर्षभर पसरून नाही. तुझ्या त्या नव्या रंगीत फलकावर '२९९' एवढंच मोठं आणि 'कर वेगळा' हे मुंगीएवढं. शेवटच्या पानावर ३५२ रुपये ८२ पैसे होतात तेव्हा माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच असतं. एकच आकडा लिही, करासकट, पहिल्याच पानावर.

आता यंत्राबद्दल. मला कोड येत नाही, पण पावतीपुस्तक येतं, आणि तुझं बरंचसं यंत्र म्हणजे पावतीपुस्तकच आहे. तूच सांगितलं होतंस, पेमेंट गेटवेकडून कधी कधी 'पैसे आले' हा निरोप दोनदा येतो आणि दोनदा नोंद होते. एका व्यवहाराला एकच पावती क्रमांक. निरोप दहादा येऊ दे, क्रमांक तोच असेल तर दुसरी पावती फाडायची नाही. गावच्या पतपेढीतल्या कारकुनाला हे कळतं. तुझा चार लाखांचा संगणक दोनदा फाडतो.

कोणी ३१ जानेवारीला लागला तर फेब्रुवारीत कधी कापणार? ठरवलं आहेस? नाही. म्हणून एका पालकाचे २८ फेब्रुवारीला कापले आणि पुन्हा ३ मार्चला. आधी नियम ठरव, लिहून ठेव, मग यंत्राला शिकव.

खात्यात पैसे नसतील तर? तुझ्या यंत्राने एकाचं खातं दिवसात किती वेळा ठोठावलं ते मी विचारत नाही, मला ऐकवणार नाही. यूपीआय ऑटोपेला आता मर्यादा आहे. ऑगस्ट २०२५ पासून एक प्रयत्न आणि वर जास्तीत जास्त तीन, तेही गर्दीच्या वेळा सोडून. बँकेच्या नॅच मँडेटचा हप्ता परत गेला तर बँक त्या माणसालाच दंड लावते. आणि तू वर मेसेज पाठवतोस, 'आपले खाते थकबाकीत आहे.' महिन्याच्या २८ तारखेला नोकरदार माणसाच्या खात्यात पैसे नसणं हा गुन्हा नाही. पगार १ ते ७ तारखेत होतो. त्याच्या सोयीची तारीख त्यालाच निवडू दे. एकदा चुकली तर आठवडाभर थांब, सेवा चालू ठेव, चांगल्या शब्दांत कळव. पेपरवाला एका महिन्याच्या बिलासाठी दुसऱ्या दिवशी पेपर बंद करत नाही, म्हणून तर त्याचं गिऱ्हाईक वीस वीस वर्षं टिकतं.

तुझा हिशेब मला कळतो, हं. हजारात दोनशे विसरलेले असतील, २९९ प्रमाणे महिन्याला ५९,८००, बसल्या जागी. तुझ्या गुंतवणूकदाराला दाखवायला हजाराचा आकडा. पण दात कोरून पोट भरत नाही. तो विसरलेला माणूस ज्या दिवशी स्टेटमेंट उघडतो त्या दिवशी तुझं गिऱ्हाईक तर जातंच, तुझा शत्रूही होतो. सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करतो. ज्या बाईने तुला डोळे झाकून शिफारस दिली तिच्या दारात येऊन उभा राहतो. वहिनी काल आल्या तेव्हा रागावल्या नव्हत्या. 'बाई, माझंच चुकलं असेल,' असं म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वहिनींनाही मी सोडलं नाही, काळजी करू नकोस. त्यांना म्हटलं, महिन्यातून एकदा, पगार झाला की, यूपीआय अॅपातला ऑटोपेचा भाग उघडा. कुणाकुणाला किल्ली दिली आहे ते वाचा. नको ती तिथल्या तिथे काढून घ्या, त्यासाठी दुकानदाराची परवानगी लागत नाही. मुलाने अॅप पुसलं म्हणून मँडेट पुसला जात नाही. दुधाचे खाडे मांडता तशी वर्गण्यांची एक यादी फ्रिजवर लावा. तेव्हा हे काम त्यांचंही आहे. पण त्यांची चूक निष्काळजीपणाची, तुझी ठरवून केलेली. दोन्हींना सारखे मार्क मी देत नाही.

आता गृहपाठ. लिहून घे, पेन आहे ना?

एक. वहिनींचे २,०९३ आज रात्री परत, दिलगिरीच्या दोन ओळींसकट. कूपन नको, 'पुढच्या वर्षी वापरा' नको, रोख परत.

दोन. साठ दिवस ज्याने अॅप उघडलेलं नाही अशा प्रत्येकाची यादी काढ. पुढचा हप्ता कापायच्या आधी त्याला मराठीत विचार, 'तुम्ही येत नाही आहात, चालू ठेवू का?' उत्तर नाही आलं तर थांबव. आणि परीक्षा झाल्यानंतर कापलेले त्यांचे पैसेही परत कर. एकदम जमणार नसेल तर हप्त्याने कर. हप्ते लावायचं तंत्र तुला येतंच.

तीन. बाहेर जायला दोन टिचक्या. आत यायला जेवढ्या, तेवढ्याच. ते राखाडी बटण आजच काढ. त्या जागी लिही, 'बंद करा'. बस, एवढंच. शेजारी 'थोडे दिवस थांबवा' हेही ठेव.

चार. मँडेट ठरलेल्या रकमेचा, परीक्षेच्या महिन्यापर्यंतचाच. पैसे कापायच्या तीन दिवस आधी तुझा स्वतःचा निरोप, आणि त्याच निरोपात बंद करायची वाट.

पाच. आगाऊ आलेल्या पैशांचं वेगळं बँक खातं. महिना सरला की त्या महिन्यापुरतेच पैसे तिथून उचलायचे, त्याआधी हात लावायचा नाही.

यानंतर हजाराचे सातशे होतील. होऊ देत. त्या सातशेंना तुझं नाव माहीत असेल आणि तुला त्यांची पोरं. तेव्हा येऊन मला सांग की सातशे वर्गणीदार आहेत. त्या दिवशी मी स्वतः तुला पेढे देईन.

हा पुडा परत घेऊन जा. नाही, थांब. शेजारच्या विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, वहिनी साडेसातच्या सुमाराला घरी येतात. आधी पैसे पाठव, मग वर जा, पुडा त्यांच्या मुलाच्या हातात दे. तो स्कॉलरशिपला उत्तीर्ण झाला आहे. तुझ्याच पेपरांचा सराव करून.